छातीतली जळजळ: ॲसिड मारण्याआधी ते वर का चढतं ते बघूया

निशिगंध

छातीच्या मधल्या हाडामागे जळजळतं, घशाशी आंबट-कडू पाणी येतं, वाकलं की वाढतं आणि आडवं पडलं की झोप उडते. हे ज्यांच्या घरात कुणाला तरी नेहमी होतं त्यांच्यासाठी हा धागा. मी एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलायला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं, त्यात "सकाळी उपाशीपोटी घ्या" एवढंच सांगून होतं. उपाशीपोटी का आणि नंतर किती वेळाने खायचं, हे राहूनच जातं. ते कुठेतरी नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं.

या त्रासातल्या बहुतेक लोकांच्या जठरात ॲसिड जास्त तयार होत नसतं. ते चारचौघांइतकंच असतं, पण अन्ननलिकेत चढतं. जठराला आतून श्लेष्माचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट पाझरत असतं, त्यामुळे पीएच १-२ इतकं तीव्र ॲसिडही ते सांभाळून घेतं (पीएचचा आकडा जितका कमी, तितकं ॲसिड तीव्र). अन्ननलिकेकडे असा थर नाही. तिची मदार तीन गोष्टींवर: खालच्या टोकाची स्नायूंची झडप, त्या झडपेला बाहेरून आवळून धरणारं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा), आणि वर आलेलं ॲसिड धुऊन खाली नेणारी लाळ.

झडप खराबच झालेली असते असंही नाही. जेवणानंतर जठर ताणलं की आतली हवा निघून जावी म्हणून ती न गिळताही मधूनमधून काही सेकंद सैल पडते. ढेकर येतो तो असाच, आणि हे सगळ्या निरोगी माणसांमध्ये घडतं. त्रास असलेल्यांमध्ये त्या काही सेकंदांत हवेबरोबर ॲसिडही वर येतं. पोट जितकं तुडुंब, तितकी झडप जास्त वेळा सैल पडते. त्यामुळे काय खाल्लं याच्या आधी एका वेळी किती खाल्लं, हे मी विचारते.

आता प्रश्न असा पडतो की अन्न पोटात गेल्यावर ॲसिड सौम्य व्हायला हवं, मग जळजळ नेमकी जेवणानंतरच का? कारण नव्याने सुटलेलं ॲसिड अन्नात पूर्ण मिसळत नाही. त्याचा एक थर अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी खाली साठून राहतो. ज्यांना हायटस हर्निया आहे, म्हणजे जठराचा वरचा भाग श्वासपटलातल्या छिद्रातून छातीकडे सरकलेला आहे, त्यांच्यात हा थर आणखी वर जाऊन बसतो. शिवाय झडप एकीकडे आणि श्वासपटल दुसरीकडे झाल्याने दोघांची एकत्रित पकडही जाते.

हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. तुमचे प्रश्न, अनुभव लिहा. जमेल तसं उत्तर देईन.

वाटसरू

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या आईला रात्रीच त्रास होतो. डोक्याखाली दोन-दोन, तीन-तीन उशा घेऊन झोपते, तरी पहाटे ठसका लागून उठते. उशांनी का फरक पडत नाही?

निशिगंध

वाटसरूदादा, उशांनी फक्त मान आणि खांदे वर येतात, कंबरेत घडी पडते आणि पोटावर दाब येतो. म्हणजे हवं त्याच्या उलट. उंची पाठीपासून मिळायला हवी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे पक्के ठोकळे लावा, किंवा कंबरेपासून वर उतार देणारी पाचरीच्या आकाराची गादी मिळते ती वापरा. आईंना सुरुवातीला खाली घसरल्यासारखं वाटेल, म्हणून ठोकळे आधी कमी उंचीचे लावून मग वाढवा.

दुसरं, कूस. डाव्या कुशीवर झोपायला सांगा. अन्ननलिका जठराला वरच्या बाजूने, जरा उजवीकडून येऊन मिळते आणि जठराचा मोठा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर ॲसिडचा साठा जोडाच्या खाली राहतो, उजव्या कुशीवर जोडच साठ्यात बुडतो. डाव्या कुशीवर वर आलेलं ॲसिड खाली परतायलाही कमी वेळ लागतो, हे अन्ननलिकेत पीएचची तार ठेवून केलेल्या मोजणीत दिसलं आहे.

रात्रीचा त्रास जास्त गांभीर्याने घ्यावा असं मला वाटतं. झोपेत आपण गिळायचं जवळजवळ थांबवतो आणि लाळही फार कमी सुटते. दिवसा वर आलेलं ॲसिड काही मिनिटांत धुतलं जातं, रात्री ते तसंच रेंगाळतं. शेवटचं खाणं आणि अंथरूण यांत किमान तीन तास ठेवा. आईंच्या ठसक्याबद्दल मात्र डॉक्टरांशी बोला. झोपेतून ठसका लागून उठणं, सकाळी घसा बसणं, रात्री दम लागणं हे नुसत्या जळजळीच्या पुढचं आहे, आणि त्याला दुसरी कारणंही असू शकतात.

काजवा

पथ्याचं सांगा ना. प्रत्येक ठिकाणी वेगळी यादी. कॉफी नको, चॉकलेट नको, टोमॅटो नको, लिंबूवर्गीय नको, पुदिना नको, तळलेलं नको, तिखट नको. मग माणसाने खायचं काय? आणि थंड दूध, खायचा सोडा, सफरचंदाचं व्हिनेगर यांचं काय?

निशिगंध

काजवा, ती अख्खी यादी कुणालाच लागू नसते. स्निग्ध पदार्थांनी जठर हळू रिकामं होतं, दारू आणि तंबाखूने झडप सैलावते, तंबाखूचा धूर लाळही कमी करतो. यांबद्दल मी ठाम आहे. बाकीचं माणसागणिक बदलतं. एखाद्याला कॉफी अजिबात बाधत नाही, दुसऱ्याला अर्ध्या कपाने होतं. दोन-तीन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती, किती वाजता, कधी आडवे झालात, जळजळ कधी झाली. मग जे खरंच दोषी निघेल तेवढंच सोडा. वयस्कर माणसं यादीला घाबरून एकेक पदार्थ टाकत जातात आणि शेवटी पोषण घटतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहते आणि फार वाईट वाटतं.

दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुढे ॲसिड सुटायला चालनाच देतात. त्यावर रोजचा भरवसा ठेवू नका. खायचा सोडा ॲसिड लगेच मारतो, पण त्यातून सोडियम भरपूर जातं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो टाळाच. शिवाय त्यातून वायू सुटतो, आणि भरल्या पोटी मोठा डोस घेतल्यावर जठर फाटल्याच्या दुर्मीळ घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. व्हिनेगर स्वतःच ॲसिड आहे. "तुमच्या पोटात ॲसिड कमी पडतंय म्हणून जळजळतं" हा प्रचार आंतरजालावर जोरात आहे, पण ॲसिड कमी करणारी औषधं घेतल्यावर इतक्या लोकांची अन्ननलिकेतली जखम भरून येते, ती त्या प्रचाराला पुरेसं उत्तर आहे. सोललेल्या कातडीवर व्हिनेगर ओतू नका.

एक साधी गोष्ट करून बघण्यासारखी आहे: जेवणानंतर अर्धा तास बिनसाखरेचं च्युइंगम चघळणं. लाळ वाढते, गिळणं वाढतं, अन्ननलिका धुतली जाते. पुदिन्याच्या चवीचं मात्र नको.

शल्यक

मी डॉक्टर आहे. धागा उत्तम चाललाय, तरी एक गोष्ट ठळक अक्षरांत हवी म्हणून मध्ये येतोय.

छातीतली प्रत्येक जळजळ पोटाची नसते. दाब, आवळल्यासारखं वाटणं, दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे जाणं, घाम, दम, चालताना किंवा जिना चढताना वाढणं आणि थांबल्यावर कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर आधी हृदय तपासायचं. अशा वेळी अँटासिड घेऊन "बघू उतरतंय का" असं करू नका. अँटासिडने बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराची लक्षणं बऱ्याचदा अशीच अस्पष्ट असतात.

तसंच गिळताना घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, किंवा आयुष्यात कधी नव्हता तो त्रास साठीच्या आसपास नव्याने सुरू होणं, यांत घरगुती उपायांचे प्रयोग करू नका. एंडोस्कोपी लागते. लोह घेणाऱ्यांची शौच काळसर होते, तो वेगळा भाग, पण त्याचा निवाडाही डॉक्टरांनाच करू द्या.

उत्तररात्र

माझा प्रश्न गोळीबद्दल. कित्येक वर्षं रोज पँटोप्राझोल चालू आहे. बंद केलं की आठवड्याभरात जळजळ दुपटीने परत येते, म्हणून पुन्हा सुरू. दुसरीकडे रोज काहीतरी वाचतो: हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंड जातं, स्मृतिभ्रंश होतो. धड घेताही येत नाही, सोडताही येत नाही. खूप भीती वाटते.

निशिगंध

उत्तररात्र, भीती रास्त आहे, पण तिच्या दोन गाठी आपण सोडवू शकतो. जरा सविस्तर लिहिते, कारण या धाग्याचा माझ्या दृष्टीने हाच गाभा आहे.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही एकाच घराण्यातली औषधं. पहिलं ओमेप्राझोल, १९८८ मध्ये बाजारात आलं. जठराच्या पेशींमध्ये ॲसिड बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ही औषधं त्या पंपांना कायमची चिकटून ते बंद पाडतात. पण फक्त चालू असलेलेच पंप बंद होतात. पंप जागे होतात जेवणाने. औषध रक्तात टिकतं जेमतेम एक-दोन तास. म्हणून गोळी आधी, आणि अर्ध्या ते एका तासात खाणं. नाश्त्यानंतर घेतली, किंवा रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेतली, किंवा सकाळी घेऊन थेट दुपारी जेवलं, तर गोळी बरीचशी वाया जाते. रोज नवे पंप तयार होत असतात, त्यामुळे पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ झाली की एक गोळी टाकायची, हे या औषधाचं काम नाही. गोळी चावू-कुटू नये, वरचं आवरण तिला जठरातल्या ॲसिडपासून वाचवण्यासाठीच असतं.

आता सोडल्यावर दुपटीने का येतं ते. ॲसिड बराच काळ दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं. गोळी अचानक थांबली की वाढलेल्या गॅस्ट्रिनच्या जोरावर ॲसिड काही आठवडे नेहमीपेक्षाही जास्त सुटतं. २००९ मध्ये डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १२० निरोगी माणसं, ज्यांना ॲसिडचा कसलाही त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल, मग चार आठवडे बिनऔषधाची गोळी. उरलेल्यांना पहिल्यापासून बिनऔषधाचीच. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी किंवा अपचनासारखा त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे निरोगी माणसालाही गोळी सोडल्यावर जळजळ होऊ शकते. तुम्हाला आठवड्याभरात जे होतं ते मूळ दुखणं उलटल्याचा पुरावा असेलच असं नाही.

दुष्परिणामांबद्दल: ती भीतीदायक आकडेवारी बहुतेक निरीक्षणात्मक अभ्यासांतून आली आहे. जो माणूस वर्षानुवर्षं ही गोळी घेतो तो मुळातच जास्त आजारी, जास्त वयाचा, जास्त औषधांवरचा असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंपास चाचणीत साडेसतरा हजार लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून पँटोप्राझोल किंवा बिनऔषधाची गोळी सुमारे तीन वर्षं दिली. हाडं मोडणं, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश यांत लक्षणीय फरक दिसला नाही. आतड्यांचे संसर्ग मात्र थोडे जास्त होते, १.४ विरुद्ध १ टक्का. मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होण्याची शक्यता खरी आहे, म्हणून वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ते तपासून घ्यावं. क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं औषध घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळावं.

तुमच्यासाठी पहिला प्रश्न, गोळी सोडता येते का हा नसून गोळी मुळात कशासाठी सुरू झाली हा आहे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठी जखम होती का, बॅरेट म्हणजे अस्तर बदललेलं आहे का, रक्त पातळ करणारी किंवा रोजची वेदनाशामकं चालू आहेत म्हणून जठराच्या रक्षणासाठी दिली आहे का? यांपैकी काही असेल तर ती सोडायचीच नाही. नसेल, तर डॉक्टरांच्या संमतीने डोस निम्मा, मग दिवसाआड, आणि मधल्या काळात जळजळीसाठी अल्जिनेट किंवा अँटासिड. पहिले काही आठवडे त्रास होणार हे धरूनच चला.

उत्तररात्र

हे मला इतक्या वर्षांत कुणी समजावून सांगितलं नव्हतं. एंडोस्कोपी झालीच नाही कधी. या आठवड्यात जाऊन विचारतो. अल्जिनेट आणि अँटासिड एकच ना?

निशिगंध

नाही. अँटासिड म्हणजे मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियमचे क्षार. ते असलेलं ॲसिड मारतात, काही मिनिटांत, आणि तासाभरात ओसरतात. अल्जिनेट समुद्री शैवालापासून काढतात. ॲसिडला लागलं की त्याचा जेलीसारखा तरंगता थर होतो आणि वर लिहिलेल्या त्या झडपेखालच्या थरावर जाऊन बसतो. म्हणून ते जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं, वर पाणी न पिता. थायरॉइडची गोळी, लोह आणि काही प्रतिजैविकं अँटासिडबरोबर घेऊ नका, शोषण घटतं. किती तासांचं अंतर ठेवायचं ते औषध देणाऱ्याला विचारा.

अँटासिड आणि पँटोप्राझोलसारख्या गोळ्या यांच्या मध्ये फॅमोटिडीनचा गट येतो, तोही ॲसिड कमी सुटू देतो. रात्रीसाठी चांगला, पण रोज घेतला की एक-दोन आठवड्यांत असर उतरतो. त्याच गटातलं रॅनिटिडीन २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने बाजारातून काढायला लावलं, कारण साठवणीत त्यात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी वाढत होती. घरातल्या डब्यात जुनी पट्टी असेल तर टाकून द्या.

वाटसरू

आईच्या गोळीच्या पाकिटावर पँटोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोनही लिहिलंय. ते काय?

शल्यक

जठर पुढे ढकलायला आणि मळमळीला. नुसत्या जळजळीत त्याचा उपयोग फारसा नाही. साठीपुढच्या लोकांमध्ये आणि मोठ्या डोसात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका आहे. त्यामुळेच युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्याचा डोस आणि कालावधी मर्यादित केला. मळमळ-उलटी नसेल तर नुसतं पँटोप्राझोल चालेल का, हे आईंच्या डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःहून बदलू नका.

मृद्गंध

माझी एंडोस्कोपी दोनदा नॉर्मल आली. गोळी वेळेवर, वीस दिवस नव्हे, महिनोन् महिने घेतली. जळजळ तशीच. एका ठिकाणी सरळ सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत." त्यानंतर मी कुणाला सांगणंच सोडलं. घरीही.

शल्यक

मृद्गंधताई, तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. जळजळ होणाऱ्या बहुसंख्य लोकांची एंडोस्कोपी नॉर्मलच येते, आणि गोळ्या चालू ठेवून केली तर जखम असलेलीही भरून आलेली दिसते. पुढची तपासणी म्हणजे २४ तासांची पीएच मोजणी. नाकातून बारीक तार, किंवा अन्ननलिकेला चिकटवलेली छोटी कुपी, जी ९६ तासांपर्यंत मोजू शकते. दिवसाच्या किती टक्के वेळ पीएच ४ च्या खाली होता ते कळतं. सहा टक्क्यांच्या वर असेल तर रिफ्लक्स, म्हणजे ॲसिड वर चढण्याचा आजार, नक्की, चारच्या खाली असेल तर ॲसिडचं प्रमाण नॉर्मल, मधे असेल तर इतर पुरावे बघायचे. सोबत तुम्ही जळजळ झाली की बटण दाबता, त्यामुळे जळजळ आणि ॲसिड यांची वेळ जुळते का तेही समजतं.

काहींमध्ये ॲसिड नेहमीइतकंच चढतं, पण अन्ननलिकेच्या नसा त्यालाही पेटून उठतात. काहींमध्ये जळजळ आणि ॲसिडचा संबंधच नसतो. दोन्ही खरे, नाव असलेले आजार आहेत. त्यांत गोळीचा डोस वाढवत राहून उपयोग नाही. नसांची संवेदना उतरवणारी औषधं फार लहान डोसात दिली जातात. ती नैराश्याच्या औषधांच्या गटातली असली तरी इथे हेतू वेगळा असतो. पोटाने श्वास घेण्याचा सरावही करून बघा: बसून किंवा पाठीवर पडून, छाती स्थिर ठेवून पोट फुगवत सावकाश श्वास. श्वासपटल त्या झडपेला बाहेरून आधार देतं, आणि लहान चाचण्यांत या सरावाने ॲसिड चढणं कमी झालेलं दिसलं आहे. वारंवार ढेकर येणाऱ्यांना विशेष.

निशिगंध

मृद्गंध, घरी सांगा. दुखतंय ते दुखतंय.

आरोही

सातवा महिना आहे. आधी कधीच नव्हतं, आता रोज संध्याकाळपासून जळतं. काय चालेल?

निशिगंध

आरोही, प्रोजेस्टेरॉनने झडप सैलावते आणि गर्भाशय जठराला वर ढकलतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप थांबतं. थोडं थोडं खाणं, डावी कूस, डोक्याकडची उंची. औषधात आधी अल्जिनेट किंवा कॅल्शियमचं अँटासिड, तुमच्या डॉक्टरांना विचारून. खायचा सोडा नको. पण बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मधोमध जोरात दुखलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा चेहरा-हात सुजले, तर ती जळजळ समजू नका. लगेच रक्तदाब तपासून घ्या.

काजवा

शस्त्रक्रियेने कायमचं जातं का हो?

शल्यक

जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतात. रुडॉल्फ निसेन यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत आणली, आता ती दुर्बिणीतून होते. पीएच मोजणीत रिफ्लक्स सिद्ध झालेला आहे आणि गोळीने निदान काही फरक पडतो, अशांना चांगला गुण येतो. नंतर काहींना गिळायला जड जातं, ढेकर देता येत नाही, पोट फुगतं, आणि वर्षांनी काहींना परत गोळी लागते. वजन जास्त असेल तर आधी पोटाचा घेर कमी करून बघा. त्याने पोटाच्या आतला दाबच उतरतो, आणि काहींची शस्त्रक्रिया टळते.

उत्तररात्र

डॉक्टरांकडे जाऊन आलो. एंडोस्कोपी ठरली. आधी गोळी बंद करायला सांगितलीय, दोन आठवडे. एवढे दिवस काढायचे कसे?

शल्यक

जखम लपू नये म्हणून बंद ठेवतात, बरोबर सांगितलंय. त्या काळात अल्जिनेट किंवा अँटासिड चालेल का आणि तपासणीच्या किती तास आधी थांबवायचं, हे तिथेच विचारून घ्या. रात्रीचं जेवण लवकर आणि निम्मं. गिळताना अडकलं किंवा काळी शौच झाली तर तारखेची वाट बघू नका.

निशिगंध

आणि पलंगाखाली ठोकळे आजच लावा. अहवाल आला की इथे लिहा, त्यावरून पुढचं बोलू.